दोन मीटर उंचीचा सेंटर फील्डर पाहायला: ब्रिजवॉटर आणि मूसिक

स्पेन्सर जोन्स: 6 फूट 7 इंच उंची, वजन 109 किलोच्या आसपास आणि जागा सेंटर फील्ड. बेसबॉलमध्ये हे गणित सहसा जुळत नाही. एवढ्या उंच माणसाला पिचर (चेंडू फेकणारा) करतात, नाहीतर फर्स्ट बेसवर उभं करतात. मैदानाचा सर्वांत मोठा तुकडा सेंटर फील्डर राखतो आणि तिथं आटोपशीर बांध्याची, चपळ मुलं लागतात. न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जजही तेवढाच उंच, पण त्याची हक्काची जागा राइट फील्ड. म्हणून 2025च्या उन्हाळ्यात आम्ही जोन्सच्या मागे फिरलो.

यांकीजनंच जोन्सला 2022च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्याच फेरीत, 25व्या क्रमांकावर घेतलं. 2024मध्ये मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, डबल-ए पातळीवर, तो 200 वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाला आणि पुष्कळांनी त्याच्यावर फुली मारली. मला ती घाई वाटली. लांब हातांच्या फलंदाजाची बॅट चेंडूपर्यंत यायला वेळ लागतो, त्याला जुळवून घ्यायला वर्षं द्यावी लागतात. 2025मध्ये त्यानं 49 सामन्यांत 16 होमरन मारले, जूनअखेर वरच्या ट्रिपल-ए पातळीवर बढती मिळवली आणि हंगाम 35 होमरन, 29 चोरलेल्या बेसवर संपवला.

यांकीजचा डबल-ए संघ म्हणजे ब्रिजवॉटरचे सॉमरसेट पेट्रियट्स. न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना हे गाव बालाजी मंदिरामुळे ठाऊक आहेच. सकाळी दर्शन, दुपारी सामना असा बेत सहज जमतो. गाडी नसेल तर रॅरिटन व्हॅली लाइननं या, ब्रिजवॉटर स्टेशन स्टेडियमला लागूनच आहे. न्यूयॉर्कहून येताना बहुतेक वेळा नुअर्क पेन स्टेशनला गाडी बदलावी लागते. रात्रीच्या सामन्याला जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा, दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो.

पण त्याचं क्षेत्ररक्षण खरं पाहावं ते मूसिकला. यांकीजचा ट्रिपल-ए संघ रेलरायडर्स, त्याचं हे मैदान पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनजवळ आहे, मागे झाडीनं भरलेला डोंगर, आणि आउटफिल्डच्या मागूनही चालत फेरी मारता येते. होम प्लेटमागची, म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागची, महाग खुर्ची घेऊ नका. सेंटर फील्डच्या बाजूला हिरवळीवर बसा. बॅटचा आवाज झाला की नजर चेंडूकडे जाऊ देऊ नका, त्याच्या पायांकडे बघा. पहिली दोन पावलं जड वाटतात, तिसऱ्या पावलापासून ढांगा अशा पडतात की मधलं अंतर कधी संपलं कळत नाही. दोन क्षेत्ररक्षकांमधल्या गॅपमध्ये पडणारच असं वाटलेला चेंडू तो छातीपाशी, न झेपावता घेतो. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्याकडे वळेपर्यंत तो पोचलेला असतो.

तो फलंदाजीला येईल तेव्हा मात्र प्लेटच्या जवळ सरका. ट्रिपल-एमध्ये 2025मध्ये पंचांच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागता येत होती आणि त्या यंत्राचा स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू ज्या पट्ट्यातून गेला तर स्ट्राइक धरतात तो, खेळाडूच्या उंचीवर ठरायचा: खालची कड उंचीच्या 27 टक्क्यांवर, वरची 53.5 टक्क्यांवर. जोन्ससाठी हा पट्टा साधारण 53 सेंटिमीटरचा होतो, तर मेजर लीगमधल्या 5 फूट 6 इंचांच्या होसे अल्टुव्हेसाठी 44चा. स्ट्राइकआउटचा आकडा वाचताना हे नऊ सेंटिमीटर ध्यानात ठेवावेत. जोन्सनं दाद मागायला हेल्मेटला हात लावला की मोठ्या पडद्याकडे पाहा, निकाल तिथंच उमटतो.

मूसिकला प्रवासी रेल्वे नाही. ब्रिजवॉटरहून गाडीनं दोन तास धरा: आय-80 महामार्ग, मग आय-380, शेवटी आय-81. शुक्रवारी संध्याकाळी डेलावेअर वॉटर गॅप या खिंडीपाशी पोकोनोज डोंगरांत सुट्टीला जाणाऱ्यांची रांग लागते, त्यामुळे रविवारची दुपार बरी. पेनसिल्व्हेनियात शिरताना पुलावर टोल आहे. एप्रिलमध्ये डोंगरावरचा वारा बोचतो; लहान मुलं बरोबर असतील तर जूनपर्यंत थांबा.

मायनर लीगमध्ये, म्हणजे डबल-ए, ट्रिपल-ए अशा खालच्या पातळ्यांवर, एकच पाहुणा संघ मंगळवार ते रविवार मुक्कामाला असतो आणि सोमवारी सुट्टी. पावसानं सामना गेला तर बहुधा त्याच आठवड्यात सात-सात डावांचे दोन सामने एकाच दिवशी भरवतात. एखाद्या होतकरू खेळाडूसाठी असा दिवस साधा, मात्र दोन्ही सामन्यांत तोच खेळेल असं धरून चालू नका. या मुलांची बदली एका रात्रीत होते, म्हणून निघायच्या सकाळी संघाची यादी तपासा आणि तिकीट त्यानंतरच काढा.