उसाच्या कडेनं आळंदीला

कार्तिकीला पायी आळंदीला जायचं, हे आमच्या घरात आजोबांपासून चालत आलंय. मी पंचवीस वर्षं पुण्यात राहते, पण हे चार दिवस रजा टाकून माहेरी जाते आणि गावच्या दिंडीबरोबर आळ्याहून चालायला लागते. जुन्नर तालुक्यातल्या या आळ्याला वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. पैठणहून परतताना माउलींबरोबरच्या त्या रेड्यानं इथं देह ठेवला, अशी आमच्याकडची श्रद्धा. एका जनावराच्या समाधीवर डोकं ठेवून वारीला निघायचं, याचं लहानपणी काही विशेष वाटायचं नाही. 2025 च्या कार्तिकीला मात्र तिथं वाकले आणि पटकन उठताच येईना.

कारण ताजं होतं. शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तीन आठवड्यांत बिबट्यानं तीन जीव घेतले होते. पाच वर्षांची मुलगी, ऐंशी ओलांडलेली आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवून धरला. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्या बिबट्याला गोळी घातली गेली. त्याला आठवडाही झाला नव्हता, तोवर आमची दिंडी निघाली.

एरवी आम्ही पहाटे चारला काकडा करून अंधारातच चालायला लागतो. यंदा विणेकरी बाबांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, उजाडल्याशिवाय पताका हलणार नाही. बायकांनी बाहेर जाताना चौघी-पाचजणींनी मिळून जायचं, दोघींनी बसायचं तर दोघींनी बॅटरी घेऊन उभं राहायचं. उसाच्या कडेला तर अजिबात बसायचं नाही. बसलेलं, वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, हे आता आमच्याकडं शाळेतलं पोरही सांगतं. खुरपणारी बाई, शी-शूला बसलेलं लेकरू, पाण्याचं दारं मोडायला, म्हणजे पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला, वाकलेला गडी, धोका असतो तो यांना.

नारायणगावपर्यंत माझा चुलतभाऊ, आमचा दादा, शेजारून चालत होता. त्याच्या गळ्यात टाळ आणि बोलणं मात्र सगळं कांद्याचं. मीच विषय काढला तेव्हा त्यानं फेब्रुवारीतली रात्र सांगितली. आमच्याकडं शेतीची लाइट एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. हा कांद्याला पाणी भरत होता आणि त्याचा कुत्रा मोत्या मागं बसला होता. एक दारं मोडून दुसरं धरायला वाकला, तर रातकिडे एकदम गप्प झाले. बॅटरी फिरवली. बांधावर, तीस-एक फुटांवर, दोन डोळे. दादा म्हणाला, बिबट्या पुढचा पाय चाटत होता, घरातली मांजर चाटते तसा, अगदी सावकाश. दादानं फावडं डोक्याच्या वर धरलं, ताठ उभा राहिला आणि पाठ न फिरवता मोठमोठ्यानं विठ्ठल विठ्ठल करत विहिरीपर्यंत मागं मागं गेला.

"ते माझ्याकडं बघतच नव्हतं गं," तो म्हणाला. "माझ्या मागच्या मोत्याकडं बघत होतं."

आठ दिवसांनी मोत्या गेला. दाराशी साखळी तेवढी राहिली. आमच्या पलीकडच्या अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी बिबट्यांचा अभ्यास केला, त्यात त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग मोत्यानं मला वाचवलं, का त्याच्यामुळंच ते आलं?" मला उत्तर देता आलं नाही.

पुण्यात मला लोक विचारतात, जंगल तोडलं म्हणून बिबटे गावात आले ना? आमच्या भागातलं खरं चित्र तसं नाही. कुकडीचे कालवे आले, कोरडवाहू रानात बारमाही पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला. दहा-बारा महिने उभं असणारं, माणसाच्या डोक्यावर जाणारं, आत सावली आणि शेजारी पाणी असलेलं पीक बिबट्याला याहून चांगलं कुठलं मिळणार? बिबट्याची मादी उसातच विते. तिची पिल्लं उसातच डोळे उघडतात आणि उसातच शिकार शिकतात. त्यांनी जंगल बघितलेलंच नसतं. त्यांना परत जंगलात सोडा म्हणणं म्हणजे मला परत मुंबईला सोडा म्हणण्यासारखं आहे, आणि मी मुंबईची कधी नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी कळंबच्या अलीकडं दिंडी थांबली. रस्त्याकडेच्या उसाच्या फडात तोडणी बंद पडली होती आणि कोयते जमिनीवर होते. ऊसतोडणीच्या टोळीला उसात बिबट्याची तीन पिल्लं सापडली होती. वनखात्याची माणसं आली होती. त्यांनी टोमॅटोचं निळं कॅरेट आणलं होतं, नारायणगावच्या बाजारात हजारांनी दिसतं तसलंच, आणि त्यावर गोणपाट टाकलं होतं. आम्हाला लांबच उभं केलं, ते बरोबरच होतं. पण वनरक्षकानं गोणपाट नीट करायला उचललं तेवढ्यात दिसलं. मुठीपेक्षा थोडी मोठी डोकी, कान मागं चिकटलेले, ठिपके अजून करड्या लोकरीत बुडालेले. एकाचा पुढचा पंजा कॅरेटच्या भोकातून बाहेर आला होता आणि उघडझाप करत होता. नखं बाभळीच्या कोवळ्या काट्यासारखी. एवढ्याशा जिवानं फिस्स केलं आणि आमच्यातल्या दोन बायका दचकून मागं सरल्या.

एक आजी बोलून गेल्या, "मोठी झाली की हीच आपल्या लेकरांवर येणार." कुणी त्यांना गप्प केलं नाही. महिन्याभरात जे झालं होतं, त्यानंतर असं म्हणायचा त्यांना हक्क होता.

बांधावर टोळीतली एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. बीडकडची. एरवी ती झोळी फडाच्या कडेच्या झाडाला बांधून तोडणी करते. मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "तिची बी लेकरंच हायेत माउली. संध्याकाळी येऊन घेऊन जाईल ती. पण आज मी झोळी बांधायची नाय." रात्री याच फडाच्या कडेला पाचटाच्या झोपडीत, कोपीत, ती झोपणार होती. कोपीला दार नसतं, एक पोतं लटकवलेलं असतं. पिंजरे लागतात, ड्रोन फिरतात, बैठका होतात, पण कोपीला दार लावायचं मात्र कुणाच्या यादीत नसतं. याचा मला खरंच राग आहे.

पिल्लं जिथं सापडली तिथंच संध्याकाळी कॅरेट ठेवायचं, कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचं, अशी पद्धत आहे. मादीला पिल्लं सापडली नाहीत तर ती चवताळून आसपास फिरत राहते. म्हणून त्यांची भेट घालून देणं माणसांच्याही भल्याचंच असतं. मंचरच्या मुक्कामी रात्री साडेदहाला फोन आला. मादी आली, एकेक करून तिन्ही नेली. भजन नुकतंच संपलं होतं. विणेकरी बाबा म्हणाले, "बरं झालं." थोडा वेळ कुणी काहीच बोललं नाही.

त्याच मुक्कामी शिरूरकडची एक दिंडी आमच्या शेजारी उतरली होती. त्यातल्या एका ताईंनी पिशवीतून पट्टा काढून दाखवला. रानात काम करताना त्या तो गळ्यात घालतात. बाहेरच्या बाजूनं टोकदार खिळे, आतून कापडाची घडी शिवलेली. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतात तो मी लहानपणापासून बघितलाय. ताईंच्या गळ्यावर पट्टा घासून तुळशीच्या माळेच्या वर एक काळपट वळ उमटला होता. त्या म्हणाल्या, सगळे बिबटे धरून न्या, एकही ठेवू नका. मी त्यांना सांगून बघितलं की 2001 नंतर आपल्याकडं तसं केलं होतं, पकडून दुसरीकडं सोडले, तर हल्ले कमी होण्याऐवजी वाढलेच. जुन्नरजवळ माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात पिंजऱ्यात आयुष्य काढणारे आहेतच, आणि एक नेला की त्याच्या जागी दुसरा येतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खरं असंल. पण मी काय करू, तेवढं सांग."

मला सांगता आलं ते एवढंच. शेतीला दिवसा लाइट मागा, सगळ्यांनी मिळून मागा. घरात संडास आणि रस्त्याला दिवा मागा. गावाकडेची कोंबड्यांची घाण आणि मोकाट कुत्री हटवा. माणूस गेल्यावर 25 लाख मिळतात. तेच पैसे आधी दिव्याच्या खांबावर आणि कोपीच्या दारावर का खर्च होत नाहीत, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. ताईंनी मान हलवली. पटलं का, ते कळलं नाही.

खेड, मग चाकणचे कारखाने आणि ट्रक, मग दशमीला इंद्रायणी. शेवटचा टप्पा मी कसा चालले ते आठवत नाही.

आळंदीत मी दर वर्षी भिंतीला जाते. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले आणि भावंडं भिंतीवर बसून त्यांना सामोरी गेली, ती ही भिंत. आजवर मी कायम भिंतीचाच विचार करायचे, निर्जीव भिंत कशी चालली असेल. यंदा तिथं उभी राहून वाघाचा विचार केला. भेट झाल्यावर चांगदेव शरण गेले, ते सगळं कथेत आहे. वाघ परत कुठं गेला, ते कुणीच सांगत नाही. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "रानात गेला असंल की." कुठल्या रानात, हे मी विचारलं नाही.

एकादशीला, 15 नोव्हेंबरला, दर्शनाची रांग नदीपलीकडं गेली होती. त्रयोदशीच्या समाधी सोहळ्यापर्यंत दादा थांबायचा होता, पण दुपारीच त्यानं पिशवी भरली. गव्हाला पहिलं पाणी द्यायचं होतं आणि आठवडा रात्रीच्या लाइटचा होता. एसटीत बसताना त्यानं टाळ पिशवीत तळाला न ठेवता वरती ठेवले. मी बघितलं हे त्यालाही दिसलं.

"वाजवत वाजवत दारं धरतो," तो म्हणाला. "त्याला कळलं पाहिजे, माणूस आहे म्हणून."

रात्री साडेबाराला मी फोन केला. पलीकडं मोटर चालू होती, पाटाला पाणी लागलं होतं आणि मधे मधे टाळ वाजत होते.