डावीकडे वळलेला चेंडू

गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, नव्याने येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं, स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघतो आणि हवेतच उजवीकडे वळून झाडीत जातो. पुण्यातले एक निवृत्त इंजिनिअर काका हेच घेऊन माझ्याकडे शिकायला आले होते. चेंडू उजवीकडे जातो म्हणून ते आणखी आणखी डावीकडे तोंड करून उभे राहत. त्याने क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, जास्तच बाहेरून (शरीरापासून दूरच्या बाजूने) आत येतो आणि स्लाइस वाढतो. मग लोक महागडा नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब, घेतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

त्या सकाळी काकांना मॅटवरून गवतावर नेलं आणि सात नंबर आयर्न, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब, दिलं. फटक्यानंतर जमिनीवर उमटलेली खूण खोल होती आणि निशाणाच्या बरीच डावीकडे रोखलेली होती. वरून खाली येताना त्यांचा उजवा खांदा आधी पुढे धावायचा, कंबर मागेच राहायची.

"कळतंय रे मला, पण मारताना होत नाही," काका म्हणाले.

होणारच नाही. क्लब वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात शरीर कुणाची सूचना ऐकत नाही. म्हणून मी बोलणं थांबवतो आणि वाटेत अडथळा ठेवतो. ड्रायव्हरचं हेडकव्हर, म्हणजे त्याच्या डोक्यावरची टोपी, चेंडूच्या पलीकडच्या अंगाला, वीतभर मागे ठेवलं. क्लब बाहेरून आला की आधी कव्हर उडणार. ते उडालंच, चांगलं लांब. मग अर्धा स्विंग (क्लब अर्धाच फिरवायचा), अर्धा वेग.

त्यानंतर पायाची ड्रिल. दोन्ही पाय जोडून उभं राहायचं, क्लब वर पोचता पोचता डावा पाय निशाणाकडे टाकायचा आणि मग मारायचं. पाय आधी पडला की कंबर आधी फिरते, खांद्याला घाई करायला वावच राहत नाही. काका अडखळत होते, म्हणून विचारलं, "लहानपणी नदीत सपाट दगड फेकून भाकऱ्या काढायचात ना?"

"कृष्णाकाठचा आहे मी!"

"मग तोच हात."

त्यांनी रेंजचा एक चेंडू गवतावरून सपाट फेकून पाहिला. कोपर बरगडीला घासून गेलं, कंबर आधी वळली. लगेच क्लब हातात दिला.

थोड्या वेळाने एक चेंडू किंचित उजवीकडे निघाला आणि हळूच डावीकडे वळला. काकांचा चेहरा पडला. "हा डावीकडे गेला. बिघडलं का?"

मी आनंदाने ओरडलोच. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, असेल त्या दिशेने, आणि वळतो तो तोंड आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. बाहेरून आत येणाऱ्या स्विंगमधून उजवीकडे निघून डावीकडे वळणारा चेंडू येऊच शकत नाही. म्हणजे काकांचा मार्ग बदलला होता. हेडकव्हरही जागेवर होतं.

त्यांना लगेच ड्रायव्हर मारायचा होता. मी दिला नाही. लांब क्लब हातात आला की माणसाला जोर आठवतो आणि खांदा पुन्हा धावतो. घरी गच्चीवर चेंडूशिवाय रोज पायाची ड्रिल करा, एवढंच सांगितलं.

आता ते ड्रायव्हरही मारतात. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, चार लोक बघत असले की एखादा चेंडू अजून उजवीकडे पळतो. मग काका बाजूला होतात, पाय जोडून दोन रिकामे स्विंग करतात आणि पुढच्या फटक्याला उभे राहतात.