बाबांचा तानपुरा

बाबा गेल्यापासून तानपुऱ्याची गवसणी काढली नव्हती. आज शेवटी मिरजेत सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. कारागीर चाचांनी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, हलक्या हातानं कानस फिरवली, तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला आणि जवारी, तारेचा तो गुंजणारा नाद, बोलली. खर्जाचा खालचा सूर घुमला तसा मला हुंदकाच आला. चाचा काही बोलले नाहीत, फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला.

येताना मीरासाहेब दर्ग्यात गेले. १९३७ साली गेलेल्या किराणा घराण्याच्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथंच आहे. त्यांच्या पत्नी ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि खाँसाहेबांचं भरलं घर रिकामं झालं. (त्याच मुलांत आपल्या गायिका हिराबाई बडोदेकर! ताराबाईंनी काय सोसलं, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला ते खुपतं.) खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी लहानपणापासून ऐकतेय. बाबा ती लागली की डोळे मिटून बसायचे. त्या सुरांतली ओढ आज कबरीजवळ बसल्यावर पहिल्यांदा आतून कळली. कुठं आक्रोश नाही, नुसतं एकेका सुरावर थांबणं.

रात्री बाबांच्या जागेवर बसून सा लावला. दोनदा आवाज फाटला. तिसऱ्यांदा लागला.