ताईच्या शेजारी, सतरंजीवर

परवाच्या शुक्रवारी, ११ एप्रिलला, लेंटमधली, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातली, आमची शेवटची एकत्र उपासना झाली. सात वाजले तरी फरशी तापलेली होती. सतरंजीवर माझ्या एका बाजूला आमच्या गल्लीतल्या तेलुगू अक्का होत्या, दिवसभर विड्या वळून थेट तशाच आलेल्या. दुसऱ्या बाजूला माझी थोरली बहीण. ताई आणि मी एका उपासनेत शेजारीशेजारी बसलो, हे १९८४ नंतर यंदाच घडलं.

आमचं घर प्रोटेस्टंट, आणि ताईचं लग्न त्या वर्षी कॅथलिक घरात ठरलं. पपा लग्नाला गेले नाहीत. हेच पपा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची गोष्ट किती अभिमानाने सांगायचे! २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, आपली युनायटेड चर्च, सगळे एका छताखाली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, याची त्यांना शेवटपर्यंत हळहळ होती. पण रस्त्यापलीकडच्या कॅथलिक चर्चमध्ये मुलीच्या लग्नाला पाऊल टाकणं त्यांना जमलं नाही. तिथे मूर्ती आहेत, एवढंच म्हणाले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आईबरोबर गेले, मागच्या बाकावर बसले आणि काहीही न खाता घरी आले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

यंदा चार मंडळ्यांनी मिळून ठरवलं: आमची मराठी, कानडी मेथडिस्ट, तेलुगू आणि कॅथलिक. चारही चर्च चालत जाण्याच्या अंतरावर. दर शुक्रवारी एकाकडे जमायचं. १४ मार्चला धुळवड होती म्हणून तेवढा वगळला, पाच राहिले. लेंट सुरू होतो तो राखेचा बुधवार ५ मार्चला आला आणि रमजान तीनच दिवस आधी लागला होता, त्यामुळे सुरुवातीच्या शुक्रवारी आम्ही उपासनेला निघायचो तेव्हा रोजा नुकताच सुटलेला असायचा. सोलापुरातल्या विजापूर वेशीकडून येणाऱ्यांना गर्दीतून वाट काढत यावं लागायचं. आमच्या पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी प्रार्थनेत त्या रोजेदारांचं नाव घेतलं. मला ते फार बरं वाटलं.

पहिल्या शुक्रवारी प्रभूच्या प्रार्थनेला गोंधळ झाला. ‘आम्हाला वाइटापासून सोडव’ म्हणून कॅथलिक मंडळी थांबली आणि आम्ही सवयीने ‘कारण की राज्य...’ म्हणत पुढे गेलो. अर्धं चर्च गप्प, अर्धं बोलतंय. ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडचं ते वाक्य लहानपणीचं, पाठ असलेलं. तरी ती थांबली, कारण आता तिची प्रार्थना तिथे थांबते. दुसऱ्या वेळी फादर आधीच म्हणाले, आज सगळे शेवटपर्यंत म्हणू. त्या दिवशी ताईचा आवाज मी वेगळा ओळखला.

चौथ्या शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये क्रुसाची वाट होती, येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना. चौदा स्थानं, प्रत्येकापुढे गुडघे टेकायचे. आमच्यातल्या काही वयस्क लोकांनी टेकले नाहीत, उभे राहून डोकं झुकवलं. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. वाचन तीन भाषांत होतं आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की आमच्यात त्या एका लाकडाला चार शब्द आहेत. आम्ही वधस्तंभ म्हणतो, ताई क्रूस म्हणते, अक्का सिलुव म्हणतात आणि कानडी पाळकसाहेब शिलुबे. पोरं चौथ्या-पाचव्या स्थानापर्यंत चारही शब्द म्हणायला लागली होती. नंतर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन झालं. रेव्हरंड टिळक जाऊन शंभरावर वर्षं झाली, पण तबला लागला की अभंगाच्या चालीवर अक्कासुद्धा बरोबर टाळी धरतात, शब्द कळोत न कळोत.

मग बाहेर मंडपात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दुसरं काही नाही. एका वेळच्या जेवणाचे वाचलेले पैसे डब्यात टाकायचे, असं ठरलेलं.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार, मात्र पाचही शुक्रवारी एकत्र झालं नाही. आमच्या काहींना ते लागलं. मलाही लागलं. फादरांनी लपवाछपवी न करता सांगितलं: १९६४ च्या नोव्हेंबरात कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयी जो हुकूमनामा काढला, त्यात वेगळ्या झालेल्या बांधवांबरोबर प्रार्थना करणं इष्ट मानलंय, पण एकत्र संस्कार घेणं हा ऐक्यासाठी सरसकट वापरायचा उपाय नाही, असंही त्यातच आहे. ‘मला देता येत नाही,’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बसला. मला वाटतं, हे दुःख झाकून ठेवण्यापेक्षा असं सगळ्यांसमोर बोललेलं चांगलं. भाकरी एकत्र खातो आणि मेज वेगळी, हे टोचायलाच हवं.

येत्या शुक्रवारी, १८ तारखेला, उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना आमच्याकडे आहे, येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची. कॅथलिकांचा विधी दुपारी तीनला, म्हणून आपण सकाळी दहाला. तिसरा उद्गार ताईला आणि मला मिळून दिलाय. योहानाचा एकोणिसावा अध्याय, पंचविसाव्या वचनापासून. काल ती सरावाला घरी आली. पपांच्या फोटोखाली बसून चष्मा लावला आणि वाचू लागली. पहिल्याच ओळीत माझ्या पुस्तकात वधस्तंभ आहे, ती तिथे सवयीने क्रूस म्हणाली. मी काही दुरुस्त केलं नाही. ‘त्याची आई,’ असं वाचून ती थांबली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवत म्हणाली, ‘पुढचं तू वाच गं.’

पुढे होतं, ‘त्याच्या आईची बहीण.’