मोरसला गेलेल्या धाकट्या आजोबांचा माग

माझ्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ मोरसला, म्हणजे मॉरिशसला, गेला आणि परत आला नाही, एवढंच आमच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या सांगितलं जायचं. आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कोणी म्हणायचं, गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या वतनी शिपायांच्या, बंडात होता म्हणून परागंदा झाला. कोणी म्हणायचं, वाटणीवरून बिनसलं. थोरल्या काकींना खोदून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी ऐकलोय तेवढंच सांगतो बाळ. मीठ आणायला म्हणून रामघाट उतरून वेंगुर्ल्याला गेला. बैल तेवढे सोबतच्यांनी माघारी आणले."

नोकरीतून मोकळी झाल्यावर मी हा शोध मनावर घेतला. अशा शोधासाठी आता इंटरनेटवर बरंच काही आहे, पण कुठं शोधायचं हे आधी पक्कं करावं लागतं. डच राष्ट्रीय अभिलेखागारात सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, करारावर (ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या बोलीवर) गेलेल्या हिंदी मजुरांची सूची नावानिशी पाहता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या जहाजांच्या याद्याही आहेत. १८६० ते १९११ या काळात तिथं दीड लाखाहून जास्त माणसं गेली. मात्र सुरिनामची जहाजं कलकत्त्याहून सुटायची आणि नाताळची बहुतेक मद्रास, कलकत्त्याहून. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात. इथला माणूस वेंगुर्ल्याहून गलबतानं मुंबईला आणि तिथून बाहेर, हीच वाट. मुंबई बंदरातून करारावर गेलेली मराठी माणसं मुख्यतः मॉरिशसला गेली. १८३४ साली सुरू झालेली ही मजूरभरती मध्यंतरी बंद पडली होती. १८४२ च्या कायद्यानं ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईलाही परवानगी मिळाली. म्हणून बंदर आधी ठरवा, मग सूची उघडा, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

पुढची अडचण आपल्या घरातलीच असते. त्या काळच्या नोंदीत आडनाव नसतं. माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, बस्स. आणि आमच्या घरात खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव कोणालाच सांगता येईना. सातबाऱ्याच्या जागी आपल्याकडं जो पहाणीचा उतारा मिळतो तो कन्नडमध्ये, आणि तो इतका मागं जातही नाही. शाळेचं दाखल रजिस्टरही आजोबांच्या पिढीशी थांबलं.

ती गाठ हेळव्यांनी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत जपणाऱ्यांनी, सोडवली. बेळगाव, कोल्हापूर, धारवाड भागातल्या वाचकांना हेळवी सांगायला नकोत. पूर्वी बैलावर बसून, हातात घंटा घेऊन यायचे, वंशावळ म्हणायचे आणि धान्य-कपडा घेऊन पुढच्या गावाला जायचे. आमचे हेळवी आता मोटारसायकलवर येतात, पण वही तीच, लाल फडक्यात बांधलेली. सुगी झाल्यावर ते आले तेव्हा मी मुद्दाम गावी जाऊन थांबले होते. सोप्यात कांबळं अंथरलं, त्यांनी वही कपाळाला लावली आणि मूळपुरुषापासून म्हणायला सुरुवात केली. एकेका नावाशी थांबून माझ्याकडं बघायचे, मी लिहून घेतलं की पुढं. खापरपणजोबांशी आल्यावर म्हणाले, "हे तिघं भाऊ की वो. थोरल्याचा वंश तुम्ही. मधला पटकीत गेला. धाकटा दर्यापार, त्याच्या पुढं काय लिवल्यालं न्हाई." ते पान मोडीत होतं. त्यांच्या परवानगीनं फोटो काढला आणि बेळगावात मोडी शिकवणाऱ्या एका गुरुजींकडून वाचून घेतला. बापाचं नाव मिळालं, भावांचा क्रम मिळाला. ज्यांच्या घरी अजून हेळवी येतात त्यांनी त्यांना रिकाम्या हातानं पाठवू नये, आणि वहीतलं आपलं पान आजच लिहून घ्यावं. त्यांची पुढची पोरं हे काम करतीलच असं नाही.

मॉरिशसकडच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. साडेचार लाखांवर माणसं त्या बेटावर उतरली आणि प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. तो क्रमांक जन्मभर सुटत नसे. लग्नाच्या, मरणाच्या दाखल्यातही तो यायचा. त्यामुळं क्रमांक हाती आला की माणूस हाती आला. पण तो तिकडच्या वंशजाकडं असतो. दाखल्यांची साखळी मागं मागं जोडत नेऊन संस्थेतून त्या माणसाच्या नोंदीचा उतारा काढायचा तो त्यानंच. इथं बसून नुसत्या नावावर हे होत नाही.

म्हणून मी उलट्या टोकानं गेले. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर लोक आपापली वंशवेल मांडतात. तिथं नावापेक्षा जन्मस्थळावरून शोधणं मला फळलं. जन्मस्थळ बेळगाव, मृत्यू मॉरिशस, साल १८२० ते १८४० च्या दरम्यान. नावाच्या स्पेलिंगवर अजिबात विसंबू नये. मुंबईतल्या कारकुनानं ऐकून लिहिलेलं, तिकडं फ्रेंच वळणानं पुन्हा लिहिलेलं. लक्ष्मणचा लुचमन होतो आणि बापाचं नाव पुढच्या पिढीचं आडनाव होऊन बसतं. अशा एका वेलीवर आमच्या वहीतलं बापाचं नाव आडनाव म्हणून दिसलं. वेल मांडणाऱ्या गृहस्थांना मी निरोप पाठवला.

ते निवृत्त शिक्षक निघाले. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मू यांनी मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना भारताचं परदेशस्थ नागरिकत्व मिळू शकेल असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी उतारा काढून घेतला होता. त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला. येण्याचं साल १८५८, वय २५. उंची फुटा-इंचांत. खूण: उजव्या भुवईवर जखमेचा व्रण. जिल्हा बेळगाव. गावाच्या रकान्यात जे होतं ते वाचलं तर 'नुंदगुर' असं वाचता येत होतं.

आमच्या गावाचं नाव तिथं नाही, हे पाहून आधी मी थबकले. पण लहान गावचा माणूस परमुलखात जवळची पेठच सांगतो. मी स्वतः पुण्यात नंदगडच सांगते. बापाचं नाव जुळतं, जात जुळते, तालुक्याची पेठ जुळते, आणि आमच्या वहीत नेमका एक भाऊ समुद्रापलीकडं गेलेला आहे. बंडाची गोष्ट मात्र गळून पडली. गडकऱ्यांचं बंड १८४४ चं, म्हणजे तेव्हा हा जेमतेम अकरा वर्षांचा. लिहिलेलं वय अंदाजाचं धरलं तरी हातात तलवार घेण्याएवढा नव्हे. काकींचं मिठाचं सांगणं मला जास्त खरं वाटतं. डीएनए चाचणीचाही विचार केला, पण इतक्या दूरच्या चुलत भावंडांत जुळणारा भाग सापडेलच असं नसतं. तेव्हा हा पुरावा शंभर टक्क्यांचा नाही, पण मला तो पुरतो.

आता आम्ही व्हिडिओवर बोलतो. ते मला ताई म्हणतात. तिकडं शाळांत मराठी शिकवली जाते, त्यामुळं ते शुद्ध पुस्तकी बोलतात आणि काकींचं बेळगावी ऐकून दोनदा विचारतात. गणेश चतुर्थीला तिकडं सरकारी सुट्टी असते, हे ऐकून काकींना कोण आनंद झाला! त्यांच्या सगळ्या पिढ्यांची नावं मी मराठीत लिहून ठेवली आहेत. हेळवी पुढच्या खेपेला आले की धाकट्याच्या पुढची जागा भरायची, असं त्यांच्याशी फोनवर बोलून झालंय.

राहिली ती धाकट्या आजोबांची बायको. ती दुसऱ्या जहाजानं, वेगळ्या क्रमांकावर आलेली. तिच्या उताऱ्यात जिल्हा रत्नागिरी आहे आणि गावाचं नाव पुसट. शेवटची 'वडे' एवढी अक्षरं लागतात. सध्या मी वेंगुर्ला, मालवणकडच्या वडेकरांपासून सुरुवात केली आहे.