टबावरच्या टाचण्या

गच्चीवरच्या सिमेंटच्या टबात मी कमळ लावलं होतं. ते काही आलं नाही, कुमुदिनी मात्र माजली. पाणी साचलं की डास होणार, म्हणून आईची कुरकुर सुरू झाली. तेवढ्यात टाचण्या आल्या, म्हणजे चतुराच्या जातकुळीतले काडीसारखे बारीक कीटक. यांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात म्हटल्यावर तिने टबाला अभय दिलं.

लहानपणी आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचो. टाचणीच्या नादी कुणी लागलं नाही. एवढ्याशा काडीला गाठ मारणार कुठे? बसली की पंख पाठीवर मिटून घेते. दोन डोळे डंबेलच्या गोळ्यांसारखे एकमेकांपासून लांब. चतुर पंख पसरून बसतो. इथवर सोपं आहे.

पुढे पंचाईत. टबावर दोन पिवळ्या टाचण्या दिसायच्या आणि पहिला महिनाभर मी त्यांना एकच समजत होतो. एकीची छाती बिनरेघेची, शेवाळी, आणि शेपटी टोकापर्यंत पिवळीधमक: ती कोरोमंडल मार्श डार्ट. दुसरी अंगाने बारीक, छातीवर काळे-हिरवे पट्टे आणि पिवळ्या शेपटीच्या टोकाला निळा ठिपका: ती गोल्डन डार्टलेट. तिची बहीण सेनेगल गोल्डन डार्टलेट. तिच्या नराची शेपटी वरून काळी, दहा खंडांपैकी आठवा तेवढा निळा, अंधारात दिवा लावावा तसा. नावात सेनेगल असलं तरी वस्ती आफ्रिकेपासून जपानपर्यंत. आणि सोनेरी कुठे म्हणाल, तर कोवळ्या मादीत; ती नारिंगी असते. शिवाय हिच्या काही माद्या हुबेहूब नराच्या रंगात वावरतात. माझ्या वहीत 'तिसरी जात, तपकिरी' अशी एक नोंद आहे. ती मार्श डार्टची मादी निघाली.

भारतातल्या चतुर-टाचण्यांवर फ्रेझर या लष्करी डॉक्टरने 1933 ते 1936 दरम्यान तीन जाडजूड खंड लिहिले. त्या वाटेने जाणारे जाणकार रंगावर भिस्त ठेवत नाहीत. नराच्या शेपटीच्या टोकाचा चिमटा भिंगाखाली धरतात. त्याच चिमट्याने नर मादीची मान पकडतो.

हे मी एका सकाळी पाहिलं. मादी कुमुदिनीच्या पानाच्या कडेला शेपूट वाकवून अंडी घालत होती. नर तिच्या मानेवर टोकाने रोवलेला, पाय कशालाच न टेकता ताठ उभा. पंधरा मिनिटं तसाच! मधे दुसरा नर घिरट्या घालून गेला, हा हलला नाही.

परवा देठावर एक नुकती निघालेली दिसली. पांढुरकी, पंख ओलसर, रंगाचा पत्ता नाही. कुठली असेल म्हणून वही आणायला खाली गेलो. आईने चहा पुढे केला. परत येईपर्यंत देठावर नुसती कात होती.