‘ज्याची त्याची नीती’ मला का पटत नाही

“प्रत्येकाची नीती वेगळी असते, मग तुम्ही आपल्याच मूल्यांचा एवढा आग्रह का धरता?” हा प्रश्न मला नाशिकमध्ये वर्षानुवर्षे विचारला जातो, बहुधा जवळच्याच माणसांकडून.

त्यातले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. कोणी मृताला अग्नी देतो, कोणी मूठमाती. कोणाच्या घरी श्रावण पाळतात, कोणाच्या नाही. पण रीती वेगळ्या असतात, एवढ्यावरून कोणत्याच रीतीला अन्याय म्हणता येत नाही, असे निघत नाही. पंचवटीत काळाराम मंदिरावरून जाताना मला हे हटकून आठवते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारो स्त्री-पुरुषांनी तेथे सत्याग्रह आरंभला, तेव्हा मंदिराची दारे लावून घेण्यात आली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लढा पुढे काही वर्षे चिकाटीने चालवला. समाज मानतो तेच योग्य असेल, तर दारे लावणारे नीतिमान ठरतात आणि दाराशी बसलेले अपराधी. हे मी कदापि मान्य करणार नाही. रूढी कशी आहे हे, ती ज्याला जाचते त्याला आधी विचारावे.

तरुणपणी मी एका अडतीवर, म्हणजे शेतमालाच्या दलालाच्या पेढीवर, हिशेब लिहीत असे. टोमॅटोच्या क्रेटमागे अर्धा किलो ‘कडता’, म्हणजे मालाची घट धरून केलेली वजनातली कपात, वजा होई, माल ओला असो वा कोरडा. एकदा दिंडोरीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याने विक्रीच्या हिशेबाची पट्टी डोळ्यांजवळ धरली, कडत्याच्या आकड्याखाली नखाने रेघ ओढली आणि विचारले, “भाऊ, हे एवढं कुठं गेलं?”

“बाबा, रीतच आहे ती,” मी म्हणालो.

त्यांनी पट्टीची घडी करून टोपीत ठेवली आणि ते काही न बोलता निघून गेले. मालक तसे वाईट नव्हते. कडता सगळेच घेत, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. माझ्याही आला नव्हता.

माझी मूल्ये चुकीची असू शकतात, आणि ती चूक दाखवून देता येते असे मी मानतो, म्हणून तर तुमच्याशी वाद घालतो. ती वैयक्तिक आहेत एवढ्याच अर्थाने की ती पाळण्याची झळ मी सोसायची असते. आठवड्याभरात मी ते काम सोडले, आणि दुसरे मिळेपर्यंत चार महिने आमचे घर पत्नीच्या शिवणकामावर चालले.